कागद नेमका कोठे आहे? : मोबाइल फोनवरील दस्तऐवज व त्यांची क्लाउड साठवण

ऑगस्ट २००६ मध्ये तापी नदीचे पाणी सुरत शहरात शिरले. उकाई धरणातून सोडण्यात आलेला विसर्ग सेकंदाला सुमारे ९ लक्ष घनफुटांपर्यंत गेला होता आणि शहराचा फार मोठा भाग काही दिवस पाण्याखाली राहिला. अशा पुरानंतर भांडी घासून घेता येतात, यंत्रे उघडून पुसता येतात, भिंतींना चुना देता येतो. परंतु पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवलेला शाळा सोडल्याचा दाखला एकदा भिजून त्याची शाई पसरली, की तो पुन्हा वाचता येत नाही. घरातील सर्वांत हलकी वस्तू, पण ती गेल्याचे ओझे मात्र पुढे वर्षानुवर्षे वाहावे लागते.

सुरतेतील मराठी कुटुंबांच्या बाबतीत हे ओझे दुहेरी आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतून यंत्रमाग, कापड प्रक्रिया व इतर उद्योगांत कामासाठी आलेली हजारो माणसे उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत राहतात. त्यांच्या एकाच घरात दोन राज्यांचे कागद असतात. सातबाराचा उतारा, जातीचा दाखला व शिधापत्रिका महाराष्ट्रातील. तर घरभाड्याचा करार, वीज बिल, कामाच्या ठिकाणची ओळख आणि मुलांच्या शाळेचे दाखले गुजरातमधील. कोणताही कागद हरवला, तर एकतर कामाचा खाडा करून सुरत-भुसावळ मार्गाची गाडी धरावी लागते, नाहीतर गावाकडील माणसाला खेटे घालावे लागतात.

अलीकडे हे कागद पेटीतून मोबाइल फोनमध्ये आले आहेत. "सगळे फोनमध्ये आहे", असे समाधानाने सांगितले जाते. तथापि, फोनमध्ये असणे आणि सुरक्षित असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पूर्वी पेटीला जे भय पुराचे होते, तेच आज फोनला चोरीचे, पाण्यात पडण्याचे व बिघाडाचे आहे. या भयावर क्लाउड साठवण हा एक उपाय आहे. परंतु त्याची सेटिंग समजून घेतली नाहीत, तर तो आहे असे केवळ वाटत राहते आणि प्रसंगी हाती काहीच लागत नाही. प्रस्तुत पाठाचा हाच विषय आहे.

क्लाउड म्हणजे काय?

क्लाउड या इंग्रजी शब्दाचा अर्थ ढग असा असला, तरी येथे आकाशाचा काही संबंध नाही. मोठ्या कंपन्या व शासकीय संस्था यांची संगणकगृहे असतात. तेथे असंख्य संगणक अहोरात्र चालू असतात. आपल्या फोनमधील फाइल इंटरनेटद्वारे तेथे पाठवून जपून ठेवणे, यालाच क्लाउड साठवण म्हणतात. गावातील धान्य घरच्या कणगीत न ठेवता दूरच्या गोदामात पावती घेऊन ठेवावे, तसा हा प्रकार आहे. येथे पावतीचे काम आपले खाते व त्याचा पासवर्ड करतात. पावती हरवली, तर गोदामात धान्य असूनही ते आपल्याला मिळत नाही. भारत शासनाने आपल्या विभागांसाठीच्या क्लाउड उपक्रमाला 'मेघराज' असे नाव दिले आहे.

दस्तऐवज हाताळणाऱ्या कोणत्याही ॲपमधील फाइल पुढील तीनपैकी एका स्थितीत असते. ती केवळ फोनमध्ये असते. किंवा केवळ क्लाउडमध्ये असते व फोनमध्ये तिचे फक्त नाव दिसते. किंवा दोन्ही ठिकाणी असते. पडद्यावर मात्र तिन्ही स्थितींत फाइलचे चित्र जवळजवळ सारखेच दिसते. बहुतेक फसगत होते ती याच कारणाने.

एक उदाहरण

समजा, शिंदखेडा तालुक्यातून लिंबायत येथे येऊन राहिलेले एक कुटुंब आहे. मुलीच्या महाविद्यालयीन प्रवेशासाठी जात प्रमाणपत्राची पडताळणी करावयाची आहे. महाराष्ट्रात इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. म्हणून आजोबांचा शाळेचा दाखला घरात जपून ठेवलेला आहे. त्याचे छायाचित्र वडिलांच्या फोनमध्ये आहे. नंदुरबारहून उधन्याला येताना गाडीत फोन चोरीस गेला.

आता पुढे काय होईल, हे दाखला वर सांगितलेल्या तीनपैकी कोणत्या स्थितीत होता, यावर अवलंबून आहे. तो केवळ फोनमध्ये असेल, तर फोनबरोबर गेला. तो क्लाउडमध्ये असेल व खात्याचा पत्ता आणि पासवर्ड घरात कोणाला माहीत असेल, तर दुसऱ्या फोनवर काही मिनिटांत परत मिळेल. तो क्लाउडमध्ये असूनही खाते कोणाच्या नावाने उघडले हेच ठाऊक नसेल, तर तो असून नसल्यासारखा होईल. नवा फोन घेताना दुकानातील माणसाने घाईत खाते उघडून द्यावे आणि फोनच्या मालकाने त्याचा पत्ता विचारूनही घेऊ नये, असे पुष्कळदा घडते. असे खाते म्हणजे किल्ली दुसऱ्याजवळ ठेवलेले कपाट होय.

दोन सोप्या परीक्षा

आपला कागद कोणत्या स्थितीत आहे, हे कोणासही घरबसल्या पाहता येते. त्यासाठी दोन परीक्षा पुरेशा आहेत.

पहिली परीक्षा अशी : फोनवर एअरप्लेन मोड चालू करावा व वाय-फाय बंद असल्याची खात्री करावी. नंतर ती फाइल उघडावी. फाइल पूर्ण उघडली व अक्षरे वाचता आली, तर तिची प्रत फोनमध्ये आहे. उघडली नाही, तर ती केवळ क्लाउडमध्ये आहे. मध्यंतरी एखादी फाइल नुकतीच उघडून पाहिली असल्यास तिची तात्पुरती प्रत फोनमध्ये राहिलेली असू शकते. म्हणून काही दिवस न उघडलेली फाइल या परीक्षेसाठी निवडावी.

दुसरी परीक्षा अशी : घरातील विश्वासू व्यक्तीच्या फोनवर किंवा संगणकावर आपल्या खात्यात प्रवेश करावा. तेथे ती फाइल दिसली व उघडली, तर ती क्लाउडमध्ये पोहोचलेली आहे. न दिसल्यास ती अद्याप आपल्याच फोनमध्ये अडकलेली आहे. परीक्षा संपताच त्या फोनवरून आपले खाते काढून टाकावे. सार्वजनिक संगणकावर ही परीक्षा करू नये.

महत्त्वाचा कागद दोन्ही परीक्षांत उत्तीर्ण झाला पाहिजे. रेल्वेत व आडगावी नेटवर्क नसताना तो दाखविता यावा, यासाठी फोनमधील प्रत हवी. आणि फोन गेला तरी तो मिळावा, यासाठी क्लाउडमधील प्रत हवी.

तपासावयाची सहा सेटिंग

निरनिराळ्या ॲपमध्ये सेटिंगची नावे व जागा थोड्या वेगळ्या असतात, आणि नव्या आवृत्तीत त्या बदलतातही. तथापि, त्यामागील प्रश्न सर्वत्र तेच असतात. ते पुढीलप्रमाणे आहेत.

१. खाते कोणते? ॲपच्या वरच्या कोपऱ्यातील गोल चिन्हावर बोट ठेवल्यास खात्याचा ई-मेल पत्ता दिसतो. एकाच फोनवर दोन खाती असतील, तर कागद कोणत्या खात्यात गेला हे येथे कळते. तो पत्ता वहीत लिहून ठेवावा. खाते परत मिळविण्यासाठी नोंदविलेला मोबाइल क्रमांक चालू असल्याची खात्री करावी. गावाकडील जुने सिमकार्ड बंद करून सुरतेत नवे घेतले असेल, तर हा बदल त्याच दिवशी करावा. कारण बंद पडलेला क्रमांक पुढे दुसऱ्या ग्राहकास दिला जातो.

२. साठवण कोठे? काही ॲप फाइल आपोआप क्लाउडमध्ये ठेवतात. गुगल डॉक्समध्ये तयार केलेला मजकूर खात्यातच राहतो. वर्डसारख्या ॲपमध्ये मात्र 'हे उपकरण' की 'वनड्राइव्ह', असा पर्याय निवडावा लागतो. आयफोनमध्येही फाइल केवळ फोनवर ठेवावी की आयक्लाउडमध्ये, हे दोन निराळे पर्याय असतात. फोनच्या 'डाउनलोड' फोल्डरमध्ये उतरविलेली फाइल आपोआप क्लाउडमध्ये गेली असेल, असे गृहीत धरू नये.

३. वाय-फाय की मोबाइल डेटा? गुगल ड्राइव्हमध्ये 'फक्त वाय-फायवरून फाइल पाठवा' अशा अर्थाचे एक सेटिंग आहे. डेटाचा खर्च वाचावा, हा त्याचा हेतू आहे. ज्या घरात वाय-फाय आहे, तेथे ते उपयुक्त ठरते. परंतु कामगार वस्तीतील खोलीत वाय-फाय नसते. तेथे हे सेटिंग चालू राहिल्यास फाइल पाठविण्याच्या रांगेत अडकून पडते आणि फोनधारकास मात्र काम झाले असे वाटते. छायाचित्रे जपणाऱ्या ॲपमध्येही अशाच प्रकारचे सेटिंग असते. एका कागदाची स्कॅन केलेली फाइल सामान्यतः एक एमबीच्या आतबाहेर असते. पन्नास कागदांना सुमारे ५० एमबी डेटा लागतो. तेवढ्यापुरते हे सेटिंग बंद करून कागद पाठवावेत व नंतर हवे तर पुन्हा चालू करावे.

४. ऑफलाइन उपलब्ध आहे काय? फाइलच्या नावापुढील तीन ठिपक्यांवर बोट ठेवल्यास 'ऑफलाइन उपलब्ध करा' असा पर्याय मिळतो. तो निवडला की क्लाउडमधील फाइलची एक प्रत फोनमध्येही ठेवली जाते. आधार, शिधापत्रिका, वाहन परवाना, रुग्णालयाचे कागद यांसाठी तो चालू ठेवावा.

५. जागा शिल्लक आहे काय? गुगल खात्यात १५ जीबी जागा विनामूल्य मिळते. आयक्लाउड व वनड्राइव्हमध्ये ती ५ जीबी आहे. कागदांसाठी ही जागा विपुल आहे. परंतु गुगलची जागा ई-मेल, छायाचित्रे व फाइली यांत मिळून वाटली जाते, आणि अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही तीत मोजला जातो. लग्नसमारंभाच्या चित्रफितींनी जागा भरली, की नवा दाखला वर जाण्याचे थांबते. म्हणून महिन्यातून एकदा ॲपमधील 'स्टोरेज' पाहावे. तसेच दोन वर्षे अजिबात न वापरलेले गुगल खाते कंपनी काढून टाकू शकते, हेही लक्षात ठेवावे.

६. कोण पाहू शकतो? फाइल दुसऱ्यास पाठविताना 'प्रतिबंधित' व 'लिंक असलेले कोणीही' असे पर्याय असतात. दुसरा पर्याय निवडल्यास ती लिंक ज्याच्या हाती जाईल, त्यास तो कागद पाहता येतो. घरमालक, ठेकेदार किंवा दलाल यांना कागद पाठविताना पहिलाच पर्याय ठेवावा व काम झाल्यावर परवानगी काढून घ्यावी. आधारची प्रत देताना, चालत असेल तेथे, पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी. ती आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून मिळते.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

फोन व क्लाउड यांतील फाइल सारखी ठेवण्याच्या क्रियेस सिंक म्हणतात. तिची एक बाजू अनेकांच्या ध्यानात येत नाही. एका ठिकाणी केलेला बदल दुसऱ्या ठिकाणीही होतो, तसेच एका ठिकाणी पुसलेली फाइल दुसऱ्या ठिकाणीही पुसली जाते. फोनमध्ये जागा व्हावी म्हणून ड्राइव्हमधील दाखला काढून टाकला, तर तो क्लाउडमधूनही जातो. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत अशी फाइल ३० दिवस राहते व तेवढ्या मुदतीत परत घेता येते. त्यानंतर ती कायमची नाहीशी होते.

यास्तव अत्यंत महत्त्वाच्या कागदांची आणखी एक स्वतंत्र प्रत असावी. ती घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या खात्यात किंवा पेन ड्राइव्हवर ठेवून गावाकडील घरी देता येते. सुरतेच्या खोलीत एक, गावी एक व क्लाउडमध्ये एक, अशी व्यवस्था असल्यास एकाच पुरात, एकाच चोरीत किंवा एकाच चुकीने सर्व प्रती जाण्याचा संभव उरत नाही.

छायाचित्र, प्रत आणि मूळ दस्तऐवज

क्लाउडमध्ये ठेवलेले छायाचित्र हे मूळ दस्तऐवज नव्हे. येथे डिजिलॉकर या शासकीय सेवेचा विचार करणे आवश्यक आहे. भारत शासनाने १ जुलै २०१५ रोजी ही सेवा सुरू केली. तीत दोन स्वतंत्र कप्पे आहेत. एका कप्प्यात संबंधित विभागाने दिलेले, म्हणजे 'जारी केलेले' दस्तऐवज असतात. दुसऱ्यात नागरिकाने स्वतः चढविलेल्या प्रती असतात. २०१६ चे नियम व त्यांत २०१७ मध्ये झालेली दुरुस्ती यांनुसार पहिल्या कप्प्यातील दस्तऐवज मूळ कागदाच्या बरोबरीचे मानले जातात. दुसऱ्या कप्प्यातील छायाचित्रांना तसा दर्जा नाही. दोन्ही कप्पे एकाच ॲपमध्ये असल्याने हा भेद पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

आधार क्रमांकांच्या वितरणास २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावापासून प्रारंभ झाला. आज डिजिलॉकरमधील दस्तऐवज मिळविण्यासाठीही आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू असणे महत्त्वाचे आहे. महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. तो उतरविलेल्या मूळ फाइलच्या रूपातच जपावा. पडद्याचे छायाचित्र काढून ठेवल्यास त्यातील डिजिटल स्वाक्षरी तपासता येत नाही.

कोणते कागद प्रथम जपावेत, याचाही विवेक करावा. काही कागद पुन्हा मिळू शकतात. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र व गुजरात यांच्यात शिधापत्रिकेची आंतरराज्य सोय सुरू झाली. त्यामुळे पात्र शिधापत्रिकाधारकास गावाकडील कार्डाच्या क्रमांकावर व आधारच्या आधारे सुरतेतही धान्य घेता येते. तेथे कार्डाच्या कागदापेक्षा नोंद मोलाची ठरते. याउलट, आजोबांचा दाखला, जुने खरेदीखत, हस्तलिखित वाटणीपत्र, बंद पडलेल्या गिरणीचे सेवापत्र हे कोणत्याही ॲपमधून आपोआप मिळत नाहीत. क्लाउडमध्ये सर्वांत आधी गेले पाहिजेत ते हेच कागद. त्यांची प्रत मूळ कागदाची जागा घेत नाही. परंतु तिच्यावर शाळेचे नाव, रजिस्टर क्रमांक, दस्त क्रमांक व तारीख वाचता येते. एवढी माहिती हाती असली, की संबंधित शाळेत किंवा कार्यालयात मूळ नोंद शोधता येते व तिचा प्रमाणित उतारा मागता येतो. प्रत ही मुळापर्यंत जाण्याची वाट होय. म्हणून स्कॅन करताना कागदाच्या दोन्ही बाजू, शिक्के व समासातील आकडे स्पष्ट येतील, अशी काळजी घ्यावी आणि फाइलला 'दाखला', 'नवा दाखला' अशी नावे न देता व्यक्तीचे नाव, कागदाचा प्रकार व वर्ष लिहावे.

शिक्षक व कर्मचाऱ्यांची जबाबदारी

सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांत मराठी माध्यमाच्याही शाळा आहेत. तेथील तसेच गावाकडील शिक्षक, तलाठी व ग्रामसेवक यांच्याकडे लोक विश्वासाने आपले कागद पाठवितात. हे कागद कर्मचाऱ्याच्या खाजगी फोनवर व खाजगी क्लाउड खात्यात साठत जातात, आणि बदली झाल्यावर त्याच्याबरोबर जातात. ही पद्धत टाळणे इष्ट आहे. अशा कामासाठी शासनाने दिलेले खाते वापरावे, काम संपल्यावर प्रती काढून टाकाव्यात आणि 'लिंक असलेले कोणीही' हा पर्याय नागरिकांच्या कागदांसाठी कधीही निवडू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने व्यक्तीच्या माहितीबाबतची जबाबदारी ती माहिती बाळगणाऱ्यावर टाकलेली आहे. कायद्याचा धाक नसता, तरी ज्याने विश्वासाने कागद दिला त्याच्याबद्दलचे कर्तव्य राहिलेच असते.

शाळेतील वरच्या वर्गांत या पाठातील दोन परीक्षा प्रत्यक्ष करवून घेता येतील. मुले हे तंत्र लवकर शिकतात आणि घरी आईवडिलांना शिकवितात. मात्र पासवर्ड वर्गात उच्चारावयाचा नाही, ओटीपी कोणासही सांगावयाचा नाही, ही शिस्त पहिल्याच दिवशी घालून द्यावी.

समारोप

तापीकाठच्या माणसाने पुराशी राहावयास शिकताना एक गोष्ट केली : मोलाची वस्तू माळ्यावर ठेवण्याची सवय लावून घेतली. क्लाउड हा आजचा माळा आहे. परंतु वस्तू माळ्यावर खरोखर चढली की शिडीवरच राहिली, हे स्वतः वर जाऊन पाहावे लागते. संकटाच्या दिवशी ते पाहता येत नाही. ते आजच, फोन हाती असताना व कोरड्या जागी बसलेले असताना पाहावे.

अभ्यासासाठी

१. आपल्या घरातील पुन्हा न मिळणाऱ्या पाच कागदांची यादी करा. प्रत्येकाची प्रत कोणकोणत्या ठिकाणी आहे, ते पुढे लिहा.

२. त्यांपैकी एका फाइलवर दोन्ही परीक्षा करून निष्कर्ष नोंदवा.

३. फाइल फक्त वाय-फायवरून पाठविण्याचे सेटिंग आपल्या फोनवर चालू आहे काय? घरी वाय-फाय नसल्यास त्याचा परिणाम काय होईल?

४. डिजिलॉकरमधील 'जारी केलेला' व 'चढविलेला' दस्तऐवज यांतील भेद घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीस तिला समजेल अशा शब्दांत सांगा.